जुन्या अमेरिकन शॉटगनचा संग्रह: बंदूक वाचावी कशी, तिचं साल आणि मोल काढावं कसं

जुनी अमेरिकन दुनळी हातात आली की बहुतेक माणसं आधी तिची नक्षी बघतात. माझं सांगणं आहे, आधी नळ्या उतरवा. बंदूक रिकामी असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा, मालकाची परवानगी घ्या, नळ्यांखालचं लाकूड काढा, वरची तरफ अंगठ्याने उजवीकडे सारून नळ्या खाली झुकवा. त्या अलगद हातात येतात. आता त्या उलट्या करा. फ्रेमवर, म्हणजे बंदुकीच्या मधल्या पोलादी सांगाड्यावर, टेकणाऱ्या सपाट भागावर कारखान्यातल्या कामगाराने ठोकलेले आकडे आणि अक्षरं दिसतील. बंदुकीचा जन्मदाखला तिथे असतो. वरची नक्षी पुढे कुणी वाढवली असेल, लाकडाला नवं तेल लावलं असेल, पण हा भाग सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, म्हणून तो खरं बोलतो.

गेली काही वर्षं मी पेनसिल्व्हेनियात राहून हा नाद करतो आहे. इकडच्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतं की सुरुवात कुठून करायची. आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर पाहिलेले पुष्कळजण असतात, आणि ते कुतूहल इकडे आल्यावर पुन्हा जागं होतं. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी कायदा

हे पहिलं, कारण चूक झाली तर संग्रहच काय, इथला मुक्कामही धोक्यात येतो. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. याला थोडे अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा. पण अशा परिस्थितीत ऐकीव माहितीवर विसंबू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे असतात: न्यू जर्सीत शॉटगन घेण्याआधी पोलिसांकडून खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र, लागतं.

दोन तारखा पाठ करा. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघीय कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तू आहे, १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमधली 'फायरआर्म'ची व्याख्या तिला लागू होत नाही. राज्याचा कायदा मात्र वेगळं म्हणू शकतो. दुसरी मर्यादा ५० वर्षांची. मूळ स्वरूपात राहिलेली, ५० वर्षांहून जुनी बंदूक 'क्युरिओ अँड रेलिक' वर्गात येते, आणि संग्राहकाला तिच्यासाठी खास परवाना मिळतो. ३ वर्षांसाठी ३० डॉलर फी. या परवान्यावर दुसऱ्या राज्यातली अशी बंदूक थेट आपल्या पत्त्यावर मागवता येते, एरवी ती परवानाधारक दुकानदारामार्फतच घ्यावी लागते. बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्री ठरावीक वहीत नोंदवायची. ही वही मनापासून ठेवा, पुढे तीच संग्रहाचा इतिहास होते.

आणखी एक लक्ष्मणरेषा: १८ इंचांहून आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांहून आखूड शॉटगन १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टच्या कडक नियमांखाली येते. अशी कापलेली बंदूक कुणी स्वस्तात देऊ केली तर हातही लावू नका. आणि जमवलेल्या बंदुका निवृत्तीनंतर भारतात नेऊ, हा विचार डोक्यातून काढून टाका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि आयातीवर तर फारच कडक बंधनं आहेत.

एकच कारखाना निवडा

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे दिसेल ते घेत सुटणं. मी तसंच केलं होतं. एका वर्षात पाच कारखान्यांच्या पाच बंदुका आणि एकीचीही धड माहिती नाही. एक घर धरलं की डोळा तयार होतो.

पार्कर ब्रदर्स हे कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावचं नाव. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर हा कारखाना शॉटगनकडे वळला. १९३४ मध्ये रेमिंग्टनने तो विकत घेतला, नंतर काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हललं आणि दुसऱ्या महायुद्धात थांबलं. साधारण २ लाख ४२ हजार बंदुका निघाल्या. दर्जाने सगळ्यांत साधी ट्रोजन, मग व्हीएच, जीएच, डीएच, सीएच, बीएच, एएच, डबल एएच असं वर चढत जायचं. यातला 'एच' म्हणजे घोडे आत दडवलेली, आणि शेवटी 'ई' असेल तर झाडलेली काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी. नळ्यांमधल्या पट्टीवर पोलादाचं नाव कोरलेलं असतं. व्हीएचवर व्हल्कन आणि डीएचवर टायटॅनिक हवं. पट्टी एक म्हणते आणि खालचं अक्षर दुसरंच, असं दिसलं तर तिथेच थांबा.

एल. सी. स्मिथची गोष्ट मला फार आवडते. लायमन कॉर्नेलियस स्मिथने सिराक्यूजमध्ये बंदुका काढल्या, पण लवकरच टाइपरायटरच्या धंद्यात जायचं ठरवून हे काम फुल्टनच्या हंटर आर्म्सला विकलं. पुढचं स्मिथ कोरोना हे नाव त्याच घराण्यातलं. या बंदुकीचा खटका, म्हणजे बार उडवणारी आतली यंत्रणा, बाजूच्या पोलादी पट्टीवर बसवलेला असतो. अमेरिकेत मोठ्या संख्येने बनलेली या घडणीची दुनळी हीच. १९४५ मध्ये मार्लिनने कारखाना घेतला आणि १९५० च्या सुमारास मूळ उत्पादन संपलं.

ए. एच. फॉक्स फिलाडेल्फियाची. १९२९ मध्ये सॅव्हेज कंपनीकडे गेली आणि युटिकाला हलली. नळीवर कोणत्या गावाचं नाव आहे ते बघा, जुन्या संग्राहकांची पसंती फिलाडेल्फियाला असते. थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या आफ्रिका मोहिमेवर फॉक्स घेऊन गेले होते. तीच बंदूक २०१० च्या लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. आपल्याला परवडणारी फॉक्स म्हणजे स्टर्लिंगवर्थ. साधी, मजबूत, आणि सुरुवातीला घेण्यासारखी.

दुनळीत रस नसेल तर विंचेस्टरच्या पंप बंदुका आहेत, म्हणजे पुढचं लाकूड मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या. मॉडेल १८९७ दहा लाखांच्या वर बनल्या, मॉडेल १२ जवळजवळ २० लाख. मॉडेल १२ ही १९१२ ते १९६४ पर्यंत निघाली आणि पहिली आली ती २० बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक). लहान भावंड मॉडेल ४२, फक्त .४१० इंची बारीक नळीत, १९३३ ते १९६३. बजेट अगदीच कमी असेल तर सीअर्स या दुकानसाखळीने जे. सी. हिगिन्स नावाने विकलेल्या बंदुका घ्या. त्या दुसऱ्यांनी बनवलेल्या, आणि मॉडेल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून खरा बनवणारा कळतो. ५८३ असेल तर हाय स्टँडर्ड. हे कोडं सोडवण्याची मजा कमी किमतीत मिळते.

आता बंदूक वाचा

पहिलं काम बंदुकीचा अनुक्रमांक जुळवणं. पार्करवर तो नळीवर, फ्रेमवर, नळ्यांखालच्या लाकडातल्या लोखंडावर आणि चापाच्या कडीवर असतो. सगळीकडे एकच हवा. मॉडेल १२ वर तो फ्रेमच्या पोटाशी पुढे आणि नळीबरोबर सुटणाऱ्या भागावर, असा दोनदा असतो. हे दोन वेगळे निघाले तर दोन बंदुकांची मिळून एक झाली आहे. वापरायला ठीक, पण संग्राहकाच्या किमतीने घेऊ नका.

क्रमांकच नसेल तर घाबरू नका. १९६८ आधी स्वस्त शॉटगनवर तो घालणं बंधनकारक नव्हतं.

मग तरफ. नव्या अमेरिकन दुनळीत बंद झाल्यावर वरची तरफ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. झिजत जाते तशी ती मध्यावर येते, मग डावीकडे. डावीकडे झुकलेली तरफ म्हणजे हजारो बार झेललेली बंदूक. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा, उजेडासमोर धरा आणि नळ्या व फ्रेम यांच्या सांध्यात बघा. उजेडाची फट दिसली तर सांधा सैल झाला आहे.

नळ्या बोटावर किंवा दोरीत लटकवून लाकडी काठीने हलकी टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद घुमला तर मधल्या पट्ट्यांचं झाळकाम शाबूत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटली आहे.

आता नळीचं तोंड. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका प्रदर्शनात मला २६ इंची नळ्यांची पार्कर व्हीएच मिळाली. विक्रेता म्हणाला, २६ इंची कमी असतात. ते खरं होतं, म्हणून मी दीडपट पैसे मोजले. घरी येऊन चष्मा लावून तोंडाकडे पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. कारखान्यातून आलेल्या दुनळीत दोन्ही नळ्या तोंडाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. माझ्या बंदुकीत त्यांच्या मधे बारीक फट होती आणि ती झाळ ओतून सफाईने बुजवली होती. चोक, म्हणजे छरे एकवटायला तोंडाशी ठेवलेला नळीचा निमुळतेपणा, मोजला तर दोन्ही नळ्यांत शून्य. पुढे कारखान्याच्या जुन्या नोंदवहीवरून मिळणारं पत्र मागवलं, त्यात लिहिलं होतं: नळ्या ३० इंची, दोन्ही फुल चोक, म्हणजे तोंडाशी पुऱ्या निमुळत्या. कुणीतरी कधीतरी चार इंच कापून टाकले होते. तेव्हापासून माझ्या खिशात भिंग आणि छोटा टॉर्च असतो. तुम्हीही ठेवा.

रंगाचंही तसंच. फ्रेमवर हाडं आणि लाकूड यांच्या कोळशात भाजून आणलेले निळे, तपकिरी, करडे ढग असतात. हात लागून ते झिजतात आणि खाली रुपेरी करडं पोलाद उरतं. शंभर वर्षांच्या बंदुकीत ही झीज नेमकी जिथे तळवा बसतो तिथे असते. झीज जागच्या जागी असेल तर ती अस्सल. दस्त्यावरचं खाचकाम गुळगुळीत झालेलं आणि फ्रेम मात्र मोरपिसासारखी चमकणारी असेल तर ती नव्याने रंगवली आहे. दुनळीच्या नळ्या काळ्या चकचकीत दिसल्या तर जास्तच सावध. त्यांचा मूळ रंग सावकाश गंज चढवून आणलेला असतो. आजच्या गरम क्षारांच्या हौदात दुनळी बुडवली तर ते क्षार पट्ट्यांची झाळच खातात.

लाकडाचा शेवट बघा. मागच्या टोकाला रबरी गादी दिसली तर ती बसवायला दस्ता कापला असेल. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ इंच अंतर असतं, ते मोजा. एल. सी. स्मिथमध्ये बाजूच्या पट्टीमागे केसासारखी चीर शोधा. त्या बंदुकीचं ते जुनं दुखणं आहे, आणि तेलाच्या डागाखाली ती सहज लपते.

आणि शिक्के. अमेरिकेत नळ्या तपासणारं सरकारी घर कधीच नव्हतं. विंचेस्टरचा अंडाकृतीतला 'डब्ल्यूपी' हा कारखान्याचा स्वतःचा शिक्का. एखाद्या 'अमेरिकन' दुनळीच्या नळीवर अंडाकृतीत 'ईएलजी' आणि चांदणी दिसली तर ती बेल्जियमच्या लिएजमध्ये तपासलेली, म्हणजे तिकडून आलेली. इंग्रजी किंवा अमेरिकन थाटाची नावं घालून अशा पुष्कळ बंदुका एकेकाळी इथल्या हार्डवेअर दुकानांत विकल्या गेल्या.

साल काढणं

रेमिंग्टनची पद्धत शिकायला सगळ्यांत सोपी, म्हणून तिच्यावर हात बसवा. नळीच्या डाव्या अंगाला, फ्रेमजवळ बारीक अक्षरं असतात. पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. महिन्यासाठी इंग्रजी 'ब्लॅकपावडर' शब्दाची अकरा अक्षरं आणि शेवटी एक्स: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, ए मार्च, सी एप्रिल, के मे, पी जून, ओ जुलै, डब्ल्यू ऑगस्ट, डी सप्टेंबर, ई ऑक्टोबर, आर नोव्हेंबर, एक्स डिसेंबर. वर्षं १९२१ ला एम पासून सुरू होतात, मधली काही अक्षरं गाळत १९२९ ला वाय आणि १९३० ला झेड. १९३१ ला पुन्हा ए. माझ्या मॉडेल ११ वर 'डी वाय' आहे, म्हणजे नळी सप्टेंबर १९२९ ची. अक्षरं पुढेही फिरून येतात, ए १९५३ लाही आहे, म्हणून मॉडेल कोणत्या काळात निघालं ते आधी ठाऊक हवं. आणि हे साल नळीचं असतं. मॉडेल ११ ची नळी सहज बदलता येते.

विंचेस्टरसाठी क्रमांकांचे तक्ते छापून आले आहेत, पण कारखान्याच्या पॉलिशिंग खोलीतल्या नोंदींशी ते काही वेळा वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून जास्त चुकतात. मॉडेल १८९७ ची बंदूक १८९८ च्या अलीकडची की पलीकडची, हा प्रश्न कायद्याचा असल्यामुळे अशा वेळी तक्त्यावर भागवू नका.

पत्र मागवा

वायोमिंगमधल्या कोडी गावात बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट आहे. तिथल्या फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टर, मार्लिन आणि एल. सी. स्मिथच्या मूळ नोंदवह्या आहेत. फी भरून क्रमांक कळवला की ते पत्र देतात. सगळ्या मॉडेलांच्या सगळ्या क्रमांकांच्या नोंदी उरलेल्या नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी तुमचा क्रमांक त्यात बसतो का ते विचारा. पार्करसाठी पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशन शिल्लक वह्यांवरून पत्र देते. फॉक्सच्या संग्राहकांचीही संघटना आहे.

पत्रात ऑर्डरची तारीख, बोअर, नळीची लांबी, चोक, दस्त्याची मापं, कधी किंमत आणि कुठे पाठवली ते असतं. ही मापं समोरच्या बंदुकीशी एकेक करून ताडा. पत्र जुळलं तर ती बंदूक बोलकी होते, आणि विकताना गिऱ्हाइकाला दाखवायला तुमच्या शब्दाहून भक्कम काहीतरी असतं. महागडी बंदूक घेताना मी सौद्यातच घालतो: पत्र येईपर्यंत विसार, जुळलं तर बाकीचे पैसे. प्रामाणिक विक्रेता सहसा तयार होतो.

पहिल्या महायुद्धातल्या ट्रेंच गन, म्हणजे संगीन लावता येणाऱ्या मॉडेल १८९७, यांच्याबाबत मी नवख्यांना लांब राहायला सांगतो. जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये या बंदुकांविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता, इतकं त्यांचं नाव. त्या नावामुळेच साध्या मॉडेल १८९७ ला जाळीदार पत्रा आणि खोटा लष्करी शिक्का मारून विकण्याचा धंदा मोठा आहे. २८ बोअरच्या मॉडेल १२ चंही असंच, त्याही बनवून विकल्या जातात.

किंमत

विक्रेता मागतो ती किंमत नव्हे. छापील किंमतपुस्तिका दिशा दाखवते, पण वर्षभर जुनी असते. खरी किंमत म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष मोजलेले पैसे. गनब्रोकर या लिलावाच्या संकेतस्थळावर संपलेले सौदे आणि रॉक आयलंड, मॉर्फी अशा लिलावघरांचे जुने निकाल बघता येतात. तुम्हाला हव्या त्या बंदुकीचे किमान दहा विकले गेलेले सौदे वहीत उतरवा: बोअर, नळीची लांबी, मूळ रंग किती टक्के उरला, दस्ता कापलेला आहे का, पत्र आहे का, तारीख. दहा ओळी झाल्या की किमतीचा कल आपोआप डोळ्यांपुढे येतो.

लिलावाचा आकडा वाचताना त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलं आहे का, ते बघा. समजा हातोडा १,५०० वर पडला आणि कमिशन २० टक्के, तर खिशातून गेले १,८००, शिवाय पाठवणी आणि दुकानदाराची फी. स्वतः बोली लावताना हे उलट दिशेने मोजा, म्हणजे हातोड्यावर कुठे थांबायचं ते आधीच ठरतं.

बोअरने किंमत फार हलते. १२ बोअर सगळ्यांत जास्त बनल्या, म्हणून त्याच दर्जाची २० बोअर महाग, २८ आणि .४१० त्याहून कितीतरी महाग. लांब ३० किंवा ३२ इंची, फुल चोकच्या १२ बोअर आज तुलनेने स्वस्त मिळतात, कारण पाणपक्ष्यांसाठी देशभर १९९१ पासून शिशाच्या छऱ्यांना बंदी आहे, आणि पोलादी छरे जुन्या घट्ट चोकच्या नळीतून मारले तर नळीला इजा होते. ज्याला फक्त जमवायच्या आहेत त्याच्यासाठी ही संधी आहे. झिजलेली पण अस्पर्श बंदूक आणि चकचकीत केलेली बंदूक एकाच भावात असतील तर मी डोळे झाकून पहिली उचलतो. घालवलेला मूळ रंग कुणालाच परत आणता येत नाही.

बार काढण्याआधी

जुन्या नळ्यांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, बऱ्याचदा आखूड असतं. सुरुवातीच्या १६ बोअर मॉडेल १२ मध्ये ते २ ९/१६ इंच आहे. आजचं २ ३/४ इंची काडतूस त्यात बसतं, कारण न झाडलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार झाला की ते उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. नुसतं बसलं म्हणजे चाललं, असं समजू नका. चेंबर मोठं करून घेण्याचा सल्ला मिळेल, पण त्याने संग्राहकाची किंमत उतरते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्या बघायला देखण्या असतात. त्यांची जाडी जाणत्या बंदूक कारागिराने मोजल्याशिवाय त्यांत काहीही भरू नका. मॉडेल १८९७ मध्ये चाप दाबून धरला आणि पंप सरकवला की बार उडतो, हेही लक्षात ठेवा.

घरी तिजोरीत ठेवताना दुनळी नळीच्या तोंडावर उभी करा, दस्ता वर. उलट ठेवली तर खटक्यातलं तेल वर्षानुवर्षं झिरपत दस्त्याच्या गळ्यात उतरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं, आणि तिथेच चिरा जातात. माझ्या स्मिथच्या पट्टीमागे अशीच काळी छटा होती. ती उभी फिरवून ठेवल्यापासून आणि दर सहा महिन्यांनी फडक्याने पुसत आल्यापासून चीर पुढे सरकलेली नाही. पेन्सिलने तिच्या टोकाशी केलेली बारीक खूण अजून तिथेच आहे.